गाडी दरवेळी त्याच जागी अडकते: रूळ पुसणं थांबवा, आधी जोड तपासा

हे मुख्यतः अशा लोकांसाठी लिहून राहिलो ज्यांच्याकडे शाळेत असताना ट्रेनसेट, म्हणजे रुळावर करंटने चालणारी खेळण्यातली रेल्वे, होता, मग शिक्षण-नोकरी-शेती-लग्न ह्यात तो डबा माळ्यावर गेला, आणि आता वय झाल्यावर परत खाली काढून प्लायवर लेआउट, म्हणजे रुळांची कायमची मांडणी, बांधायला घेतला. प्रॉब्लेम एकच आणि तो परत परत येतो. गाडी मस्त फिरत असते, मग एक दिवस एका ठराविक जागी हलकासा झटका मारते, दोन दिवसांनी तिथेच थांबते, बोटाने ढकलली की पुढे जाते, रूळ पुसले की आठवडाभर नीट आणि मग पुन्हा तेच रडगाणं. लोक म्हणतात रूळ घाण आहेत, पुसा. पुसून पुसून रूळ झिजायची वेळ आली तरी गाडी थांबतेच. आपल्याकडे, म्हणजे विदर्भात, ह्याचं खरं कारण बहुतेक वेळा घाण नसतंच, रुळांचे जोड असतात, आणि ते जोड बिघडतात ते आपल्या हवामानामुळे. मे मध्ये एका पद्धतीने, ऑगस्टमध्ये दुसऱ्या.

माझा सेटअप आधी सांगतो म्हणजे पुढचं समजेल. यवतमाळ जिल्हा, दारव्ह्याकडचं गाव, घराच्या वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, त्यात एल आकाराचा लेआउट, एक हात आठ फुटी प्लायचा आणि दुसरा थोडा लहान. स्केल एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, तिला ८७ ने भागलं तर १९ मिमीच्या वर जाते, म्हणजे १६.५ चा रूळ आपल्या गाड्यांना अरुंदच पडतो, पण मिळतो तोच तर चालवून घ्यायचं. शकुंतलेचं, म्हणजे आपल्या नॅरोगेज छोट्या लाईनचं, मात्र भारी जमतं, ७६२ मिमी भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिमी आणि एन ह्या एचओहून लहान स्केलचा रूळ ९ मिमीचा, त्यामुळे मूर्तिजापूर-यवतमाळ लाईन करायची असेल तर एनचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. म्हणून एका कोपऱ्यात मूर्तिजापूरसारखं जंक्शन केलंय, मोठी लाईन आणि छोटी लाईन शेजारी शेजारी. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी इंजिन त्या लाईनवर १९९४ पर्यंत धावलं, आमच्या वयाच्या लोकांनी ते धूर सोडताना पाहिलेलं आहे, मोह आवरत नाही बाप्पा. ज्यांना छोट्या लाईनचे डबे बनवायचे त्यांनी नागपूरच्या मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये एक चक्कर मारावी, खऱ्या वस्तूची उंची-रुंदी डोळ्यात बसते. असो, गाडी रुळावर आणतो.

सगळ्यात आधी हे ठरवा की दोष जागेचा आहे की इंजिनाचा. जिथे गाडी थांबते तिथे कागदी टेपचा तुकडा चिकटवा, आठवडाभर खुणा करत राहा. दोन वेगळी इंजिनं एकाच टेपजवळ अडकत असतील तर दोष रुळात. एकच इंजिन कुठेही, कसंही अडकत असेल तर दोष इंजिनात, त्याचं खाली लिहिलंय. इतकं साधं काम आहे पण कोणी करत नाही, थांबली की लगेच फडकं हातात.

टेप एकाच जागी जमा व्हायला लागले की तिथला जवळचा जोड बघा. दोन रूळ जिथे पितळेच्या किंवा निकेल सिल्व्हरच्या छोट्या पट्टीने जोडलेले असतात तो जोड, खऱ्या रेल्वेत फिशप्लेट असते तसं, पण आपल्याकडे ही पट्टी फक्त पकडून ठेवत नाही, करंटपण तिच्यातूनच जातो. इंजिन अडकलेलं असताना, कंट्रोलर चालू ठेवून, एका लाकडी काडीने त्या पट्टीवर बाजूने हलकं दाबा. इंजिन दचकून चालायला लागलं तर चोर सापडला. काडी सोडली की परत थांबेल. कधी कधी दाबल्यावर हेडलाईट नुसता फडफडतो, त्याचाही अर्थ तोच.

आता मीटरवाले लोक म्हणतील की आम्ही तपासलं, रुळावर पूर्ण १२ व्होल्ट येऊन राहिले, जोड चांगला आहे. इथेच सगळे फसतात. आमच्या गावचा वायरमन एकदा वर आला होता पंख्याच्या कामाला, मी त्याला मीटर दाखवलं की बघ बारा व्होल्ट आहेत तरी इंजिन हलत नाही, तर तो हसला न म्हणे, "काका, बिना लोडचं मीटर खोटं बोलते. आपल्या वावरातल्या पंपाचं नाही का तसं, टेस्टर लाल होते, मीटर बी व्होल्टेज दाखवते, न मोटर चालू केली का घुंग करते न बसते. जोड ढिल्ला असला म्हणजे होतेच असं. लोड टाकून पाहा." एकदम बरोबर बोलला तो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या, केसाएवढ्या टेकलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. इंजिनाने अर्धा अँपिअर मागितला की तोच जोड हात वर करतो.

म्हणून मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या, गावात कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो, त्याला दोन वायर लावून दोन्ही रुळांवर टेकवा. हा बल्ब पाऊण अँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट ओढतो, म्हणजे चांगला भरपूर लोड झाला, तुमचा कंट्रोलर एक अँपिअरचा तरी आहे ना ते आधी बघून घ्या. बल्ब पेटत असताना मीटर सगळ्यात लहान डीसी रेंजवर ठेवा आणि मीटरची एक पिन जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, दोन्ही त्याच रुळावर. चांगल्या जोडावर दहा-वीस मिलिव्होल्ट दिसतील. खराब जोडावर अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट, कधी त्याहून जास्त. बल्ब नेहमी जोडाच्या पलीकडे, म्हणजे वायर जिथून रुळाला येते त्याच्या लांबच्या बाजूला पाहिजे, नाहीतर त्या जोडातून करंटच जाणार नाही आणि मीटर शून्य दाखवेल. ज्यांची गाडी डीसीसीवर, म्हणजे डिजिटल कंट्रोलवर, आहे त्यांनी मीटरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये, कारण रुळावरचा सिग्नल सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो आणि साधं मीटर ते नीट मोजत नाही, पण बल्ब मंद होतो की नाही हे डोळ्यांना दिसतंच.

आता हे जोड ढिले होतात काहून.

रूळ धातूचा, निकेल सिल्व्हर. त्यात चांदी नसते, तांबं-निकेल-जस्त असतं. तापला की वाढतो. ९१४ मिमीचा एक फ्लेक्स रूळ (हवा तसा वाकवता येणारा) जानेवारीच्या सकाळी १२ डिग्रीवर आणि मे च्या दुपारी पत्र्याखाली ४४ डिग्रीवर, ह्या दोन्हीत जवळपास अर्ध्या मिमीचा फरक पडतो. एका रुळाला अर्धा मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सरळ लाईनवर तीन रूळ एकमेकांना घट्ट भिडवून टाकले असतील तर दीड मिमी कुठेतरी जायला पाहिजे, आणि तो बाजूला जातो, साप वळल्यागत. रूळ वाकला की चाक उतरतं.

पण नुसत्या धातूचं असतं तर सोपं होतं. खाली लाकूड आहे ना. लाकूड आणि प्लाय उष्णतेने फारसं वाढत नाही, ते ओलाव्याने वाढतं. आणि आपल्याकडचा मे कसा असतो तर कोरडा ठक्क, ओठ फाटतात, दाराच्या फळ्यांत फटी पडतात. म्हणजे मे मध्ये रूळ लांब होतो आणि त्याच वेळी खालचं प्लाय आखडतं. दोघं एकाच बाजूने मार देतात. मग जून संपता संपता पाऊस येतो, तापमान एकदम खाली, हवा ओलीचिंब, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं. आता रूळ आखडतो आणि प्लाय फुगतं, आठ फुटाचं प्लाय असेल तर दोनेक मिमी सहज. आता जोडांमध्ये फट पडते, पट्टीतून रूळ थोडा थोडा बाहेर सरकतो, आणि जिथे धातू धातूवर घट्ट बसला होता तिथे नुसता टेकलेला राहतो, त्यात दमट हवा शिरते आणि काळा थर चढतो. मे मध्ये गाडी रुळावरून उतरते, ऑगस्टमध्ये करंट जात नाही. रोग एकच, पण लोकांना दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात म्हणून मे मध्ये चाकं तपासतात आणि ऑगस्टमध्ये रूळ पुसतात. दोन-तीन वर्षं असं उघड-मिट झालं की पट्टीची पकडच जाते, मग तिला पक्कडने दाबून काही फायदा नाही, दाबलेली पट्टी एक उन्हाळा काढते बस.

त्यात आपला कूलर. एप्रिल ते जून कूलरशिवाय वरच्या खोलीत कोणी बसूच शकत नाही, बसायचं म्हटलं तरी घरचे बसू देणार नाहीत. दुपारी कूलर लावला की खोलीतली हवा दमट आणि थंड, रात्री बंद केला की परत कोरडी, म्हणजे जो खेळ वर्षातून एकदा व्हायचा तो रोज थोडा थोडा होतो. शिवाय बोअरचं पाणी जड असतं, कूलरच्या झोतात बारीक तुषार येतात, ते रुळावर वाळले की पांढुरका थर बसतो आणि हा थर अल्कोहोलने निघत नाही, ओल्या फडक्याने चोळूनच काढावा लागतो आणि लगेच कोरडा करावा लागतो. कूलरचं तोंड लेआउटकडे नको, भिंतीकडे फिरवा, समोरची खिडकी उघडी ठेवा. ज्यांचे रूळ लोखंडाचे आहेत, काही स्वस्त सेटमध्ये असतात, चुंबक लावून बघा चिकटतं का, त्यांनी तर कूलरच्या खोलीत लेआउट ठेवूच नये, एका मोसमात तांबूस होतात.

मग करायचं काय. उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात: करंटचं काम जोडाच्या पट्टीकडून काढून घ्या. पट्टीने फक्त दोन रूळ एका ओळीत धरायचे, वीज पोचवायची नाही. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला, हो प्रत्येक, डाव्याला आणि उजव्याला, खालून स्वतःची वायर. दोन कनेक्शनवर अख्खा लेआउट चालवणारे पुष्कळ आहेत आणि लहान गोलावर ते चालूनही जातं, पण निकेल सिल्व्हर तांब्याच्या तुलनेत पंधरा पटीहून जास्त विरोध करतं, म्हणजे रूळच मुळात चांगली वायर नाही, वर असे डझनभर जोड.

बोर्डाच्या खालून लांबीभर दोन जाड वायर फिरवा, घराच्या वायरिंगची १.५ स्क्वेअर मिमीची लाल आणि काळी पुरते. त्यातून वर रुळाला येणाऱ्या वायरी बारीक चालतात, वीतभर लांबीच्या असल्या तर लॅन केबल सोलून निघालेली एक तारसुद्धा बस झाली. रुळाच्या बाहेरच्या बाजूला, दोन स्लीपरच्या मधोमध, आधी कानशीने किंवा ब्लेडने अर्धा सेंटिमीटर खरवडून चकचकीत करा. तिथे सोल्डर लावा, वायरच्या टोकाला वेगळं सोल्डर लावा, मग दोन्ही एकत्र धरून सोल्डरिंग इस्त्री टेकवली की दोन सेकंदात चिकटतं. २५ वॅटची साधी सोल्डरिंग इस्त्री चालते पण टोक स्वच्छ पाहिजे, कारण मळकं टोक उष्णता देत नाही, मग तुम्ही दहा सेकंद दाबून धरता आणि प्लास्टिकचे स्लीपर वितळून जातात. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवला की उष्णता तिथेच अडते, आणि कापसाला आपल्याकडे काय तोटा. सोल्डर रेझीनवालं घ्या. नवसागर किंवा तेजाबवालं फ्लक्स अजिबात नको, भांड्याच्या कल्हईला ठीक आहे, इथे महिनाभरात हिरवं पडून जोड खाऊन टाकतं. लाल वायर कायम भिंतीकडच्या रुळाला आणि काळी तुमच्याकडच्या, हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच, नाहीतर शॉर्ट शोधत बसाल.

सगळे जोड सोल्डर करून टाकू का असं बरेच जण विचारतात. वळणावर करा, सरळीवर करू नका. वळणावर दोन फ्लेक्स रूळ आधी टेबलावर सरळ ठेवून जोड सोल्डर करायचा आणि मग वाकवायचं, म्हणजे जोडापाशी कोन पडत नाही, नाहीतर चाक तिथेच चढतं. सरळीवर मात्र जोड सुटा ठेवा आणि मधे फट सोडा. किती फट, ते तुम्ही रूळ कधी टाकून राहिले त्यावर आहे. पावसाळ्यात टाकत असाल तर रूळ आखडलेला आणि प्लाय फुगलेलं असतं, पुढे मे मध्ये दोन्ही उलट होणार, म्हणून दोन रुळांमागे एक मिमीची फट सोडा, तीन व्हिजिटिंग कार्ड एकत्र धरली की साधारण तेवढं होतं. मे मध्ये टाकत असाल तर एकच कार्ड पुरे, कारण फट आता पुढे वाढतच जाणार. माझं मत विचाराल तर दोन्ही टाळा. दिवाळी झाली, पाऊस पूर्ण गेला, थंडी अजून धड पडली नाही, तेव्हा रूळ टाका, तेव्हा लाकूडही अधमधल्या अवस्थेत असतं आणि तुम्हालाही घाम येत नाही. प्लाय दुकानातून आणलं त्या दिवशी कापू नका, दोन-तीन आठवडे त्याच खोलीत उभं राहू द्या.

पॉइंटला, म्हणजे गाडी एका लाईनवरून दुसरीवर वळवणाऱ्या सांध्याला, जोडलेले जोड कधीच सोल्डर करू नका. पॉइंट हीच एक वस्तू आहे जी कधी ना कधी काढावी लागते.

प्लायबद्दल. साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) प्लाय पावसाळ्यात रडवतं, बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं) घ्या, थोडं महाग पण ठीक आहे. मरीन प्लाय घेतलं तर उत्तम पण खिसा बघा. खालची फ्रेम सागवानाची करू शकत असाल तर प्रश्नच नाही, आपण बल्लारशा-आलापल्लीच्या सागवानाच्या मुलखात राहतो, जुन्या घराच्या उतरवलेल्या बल्ल्या किंवा दाराच्या चौकटी कोणाकडे तरी पडलेल्या असतात, असं वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड हलतच नाही. प्लायला वरून रंग सगळे लावतात, खालून कोणी लावत नाही, आणि कडा तर तशाच उघड्या. ओलावा सगळ्यात जास्त कडांमधून शिरतो. सहाही बाजूंना ऑइल पेंटचे दोन हात द्या, वायरीसाठी पाडलेल्या भोकांच्या आतून पण. लाकडाचं हलणं पूर्ण थांबणार नाही, पण हळू होतं, आणि रोजचा कूलरचा खेळ तर बराच मरतो.

गिट्टी चिकटवताना एक लक्षात ठेवा. फेविकॉल पाण्यात पातळ करून, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून सोडतात तेव्हा ते स्लीपरच्या खाचांत शिरून रूळ पक्का करून टाकतं, मग रूळ सरकू शकत नाही आणि तुम्ही सोडलेली फट फुकट. सुट्या जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं फेविकॉल कमी सोडा. आणि क्रशरवरची बारीक कच चाळून गिट्टी म्हणून वापरणारे आपल्याकडे भरपूर, दिसतेही अगदी खरी, पण आपला काळा दगड बेसाल्ट आहे आणि त्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात. चाळलेली कच कागदावर पसरून वरून स्पीकरचं जुनं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, पिशवीला काळी मिशी फुटेल. हे कण इंजिनाच्या मोटरमध्ये गेले की मोटरचं चुंबक त्यांना सोडत नाही.

आता पुसण्याबद्दल, कारण मी पुसू नका म्हणत नाहीये, पुसण्याने जोड दुरुस्त होत नाही एवढंच. आमच्याकडे दिवाळीपासून घरात कापूस भरलेला असतो, भाव बघून विकायचा म्हणून, आणि त्याचे तंतू उडून उडून वरच्या मजल्यापर्यंत येतात. ते रुळावर नाही दिसत, ते इंजिनाच्या चाकांच्या धुऱ्याला गुंडाळतात. इंजिन उलटं करून भिंगाने बघा, चाक आणि गिअरच्या मधे पांढरी-काळी रिंग दिसली तर बारीक चिमट्याने आणि सुईने सोडवून काढा. मग तुरीचे खळे सुरू झाले की थ्रेशरचा भुसा वेगळाच. त्या दिवसांत लेआउटवर जुनी सुती साडी टाकून ठेवणं सगळ्यात स्वस्त, नायलॉनची नको, ती धूळ ओढते.

रुळासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, जितकं शुद्ध मिळेल तितकं. कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर सोडतं. काही लोक घासलेट सुचवतात, ते मळ छान काढतं पण तेलकटपणा राहतो आणि चढावर इंजिन जागेवरच चाक फिरवत बसतं, वापरलंच तर नंतर कोरड्या फडक्याने नीट पुसा, आणि हे सगळं पेट घेणारं आहे, रुळावर ठिणग्या उडतात, म्हणून कंट्रोलरचा प्लग काढून, खिडकी उघडून. पॉलिशपेपर तर नकोच. त्याने रूळ दिसायला चकचकीत होतो पण त्यावर ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्या ओरखड्यांत बसतो. मळ येतो कुठून हेही बघा, डब्यांची चाकं प्लास्टिकची असतील तर ती रुळावर काळा थर घासत फिरतात, धातूची चाकं बसवली की निम्मं पुसणं वाचतं. जुन्या सेटमधले रूळ पितळेचे असतील तर मात्र जीव लावू नका. पितळेवर येणारा थर वीज अडवतो, निकेल सिल्व्हरवरचा थर बऱ्यापैकी जाऊ देतो, म्हणून पितळेचे रूळ दर आठ-पंधरा दिवसांनी पुसावेच लागतात. ते साइडिंगला, म्हणजे गाडी उभी करायच्या बाजूच्या लाईनला, शोभेला वापरा.

इंजिनातच दोष असेल तर, विशेषतः वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलेलं इंजिन, ते काढल्या काढल्या रुळावर ठेवून फुल करंट देऊ नका. आतलं ग्रीस मेणागत घट्ट झालेलं असतं, मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. खोलून जुनं ग्रीस पुसा, प्लास्टिकला चालणारं हलकं तेल थेंबभर, फक्त धुऱ्यांना आणि मोटरच्या बेअरिंगला. घरातलं खोबरेल नको, २४ डिग्रीच्या खाली ते गोठतं, डिसेंबरमध्ये इंजिन हलणारच नाही. चाकाला करंट घेणाऱ्या पितळी पत्त्या बघा चाकाला टेकतात का. टक-टक-टक असा ठराविक ठेक्यात आवाज येत असेल आणि त्या ठेक्यात इंजिन उचकत असेल तर धुऱ्यावरचा प्लास्टिकचा गिअर तडकलेला असतो, जुन्या इंजिनांत हे नेहमीचं आहे, गिअर बदलल्याशिवाय इलाज नाही. उतरण्याची तक्रार असेल तर व्हर्नियर कॅलिपरने चाकांमधलं आतलं अंतर मोजा, एचओला १४.४ ते १४.५ मिमीच्या आसपास पाहिजे. कमी असेल तर पॉइंटवर चढतं.

पॉइंटवरच थांबत असेल तर दोन गोष्टी. एक, पॉइंटची हलणारी पाती बाजूच्या रुळाला टेकून पुढे करंट देते, त्या फटीत कापसाचा एक तंतू अडकला तरी पुढची अख्खी साइडिंग मेली. कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून पात्यामध्ये धरून ओढा. दोन, रुळ जिथे एकमेकांना कापतात तो मधला तुकडा प्लास्टिकचा असेल तर छोटं, चार चाकांचं इंजिन तिथे हळू जाताना थांबणारच, तो इंजिनाचा दोष नाही. तिथे धातूच्या तुकड्याचा पॉइंट घ्या आणि पॉइंटच्या दांड्याला मायक्रोस्विच लावून त्या तुकड्याला करंट द्या. डीसीसीवाल्यांना इंजिनात कॅपॅसिटर बसवायचा मार्ग आहे, क्षणभर करंट गेला तरी गाडी पुढे निघून जाते, चांगला आहे, पण तो बसवून ढिले जोड लपवू नका, कारण ढिला जोड डीसीसीत आणखी एक घोळ करतो. गाडी उतरून शॉर्ट झाला तर बूस्टर, म्हणजे रुळाला करंट देणारा डबा, ताबडतोब बंद पडायला पाहिजे, मधे जोडांचा विरोध असला की त्याला शॉर्ट कळतच नाही आणि तो करंट ओतत राहतो, डब्याची चाकं आणि स्लीपर वितळलेले पाहिले आहेत मी. म्हणून सगळं वायरिंग झालं की एक नाणं घेऊन प्रत्येक रुळाच्या तुकड्यावर दोन्ही रुळांमध्ये आडवं टेकवत जा, प्रत्येक ठिकाणी बूस्टर लगेच ट्रिप झाला पाहिजे. जिथे झाला नाही तिथे अजून एक वायर.

लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवणाऱ्यांसाठी एवढंच, चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर जुना ट्रान्सफॉर्मरवाला कंट्रोलर घूं घूं करतो आणि तापतो, तसा आवाज आला तर बंद करून लाईन येईपर्यंत थांबा. नवे मोबाईल चार्जरसारखे हलके अॅडॉप्टर बहुतेक चालतात.

माझ्याकडे हे सगळं करून आता ऑगस्टची तक्रार जवळजवळ संपली आहे, गाडी मूर्तिजापूरच्या यार्डातून न थांबता निघते. मे ची एक जागा राहिली आहे, मोठ्या लाईनवर पॉइंटच्या अलीकडचा जोड, दुपारी तीनच्या सुमारास रूळ भिडतात आणि पॉइंट किंचित ढकलला जातो, पाती नीट बसत नाही. तिथली फट एक कार्डाने वाढवायची आहे, बारीक कटिंग डिस्क मागवली आहे, आली की कापतो.